हक्क आधी, कार्ड मागून

पहाटे साडेपाच

रात्रभर कोसळून पाऊस आत्ताच थांबलाय. मामेबहिणीला सुरतेच्या गाडीत बसवायला स्टेशनावर आले आहे. नवापूरच्या फलाटावर एक बाक आहे, मधोमध रेघ मारलेला. रेघेच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे गुजरात. फलाट सगळा मिळून सुमारे ८०० मीटरचा; त्यातले ३०० मीटर आमच्याकडे, बाकीचे गुजरातेत. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत. गाडी यायची झाली की हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती अशा चारही भाषांत सांगतात. बाहेरगावचे लोक त्या बाकावर बसून फोटो काढतात. स्टेशन जुनं आहे. राज्यं १ मे १९६० ला वेगळी झाली आणि हद्द फलाटावरून गेली.

आमच्यासाठी ही हद्द फोटोची नाही, सोयरिकीची आहे. माझी आई उच्छल तालुक्यातून लग्न होऊन इकडे आली. तिच्यासारख्या किती आल्या, इकडच्या किती तिकडे गेल्या, मोजदाद नाही. फलाटाच्या त्या टोकाला जो गामीत, तोच या टोकाला गावित. तिकडचा वसावा इकडे वसावे होतो. जमात एकच, देव एकच. लिहिणारा कारकून गुजराती होता की मराठी, एवढ्यावर आडनाव बदलतं. माझ्या पोटापाण्याचा धंदा त्या एका अक्षरावर बराचसा चालतो.

साडेआठ

तहसील कचेरीच्या वाटेवर माझं दुकान आहे. दोन संगणक, एक प्रिंटर, झेरॉक्सचं मशीन. पाटीवर लिहिलंय : टायपिंग, मराठी-गुजराती-इंग्रजी भाषांतर, ऑनलाइन फॉर्म. पहिला तास सातबारा, रेशनकार्डाची केवायसी आणि पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज यांत जातो. अजूनही एखादं घर येतं, ज्यांचे कागद २०१८ च्या ऑगस्टमध्ये रंगावलीच्या पुरात गेले आणि दुसऱ्या प्रती काढायच्या राहून गेल्या.

कपाटात एक वेगळा कप्पा आहे. त्यावर मी 'युरोप' असं लिहून ठेवलंय. नवापुरात युरोपचा कप्पा कशाला, असं लोक विचारतात, म्हणून सांगते. मी मुंबईत धोबी तलावला नऊ वर्षं टायपिस्ट होते. त्या भागात गोव्याच्या गावागावांचे क्लब आहेत. गोवेकर त्यांना कूड म्हणतात. बोटीवर नोकरीला जाणारी माणसं तिथे उतरायची, आणि आमच्या ऑफिसात पोर्तुगीज पासपोर्टाच्या कागदांसाठी यायची. गोवा, दमण आणि दीव १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होते. त्याआधी तिथे जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपले नागरिक मानतं, आणि त्यांच्या मुला-नातवंडांनाही ते नागरिकत्व मिळवता येतं. त्यासाठी जन्माची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात चढवावी लागते. पोर्तुगाल १ जानेवारी १९८६ पासून युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघात आहे. म्हणजे गोव्यातल्या सासष्टीच्या एखाद्या वाड्यावरचा माणूस कागदावर थेट युरोपीय नागरिक होतो. भारत मात्र दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे त्याला भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो.

यातून एक वेगळंच घर उभं राहिलं. नवरा पोर्तुगीज, बायको भारतीय. दोघं एकाच गावात वाढलेली, एकाच चर्चमध्ये लग्न लागलेलं, आणि युरोपच्या कायद्यात ती 'तिसऱ्या देशाची नागरिक'. तिने तिथे कसं राहायचं, काम करायचं की नाही, नवरा मेला किंवा त्याने सोडलं तर कुठे जायचं, हे प्रश्न घेऊन बायका आमच्या टेबलासमोर बसायच्या. मी त्यांची उत्तरं टाइप करता करता कायदा शिकले. मी वकील नाही. कागद वाचते, समजावून सांगते आणि नीट लिहून देते.

दहा

एक नर्सबाई आपल्या आईला घेऊन आली. आमच्याच तालुक्यातली, मावची बोलणारी, ख्रिस्ती घरातली मुलगी. नाशिकला जीएनएम केलं, गोव्यात एका दवाखान्याच्या आयसीयूत चार वर्षं काम केलं, तिथल्याच मुलाशी लग्न केलं. नवऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे आणि तो आयर्लंडमध्ये मांसाच्या कारखान्यात कामाला आहे. तिला त्याच्याकडे जायचंय.

तिने पिशवीतून कागद काढण्याआधी आईनेच तोंड उघडलं. एका मोठ्या शहरातल्या एजंटाने साठ हजार सांगितले आहेत, त्यातले चाळीस हजार 'व्हिसाची फी'. पंधरा हजार आगाऊ दिले. त्यासाठी तीन शेळ्या विकल्या. वर त्याने मुलीचा जन्मदाखला मागितलाय आणि तो तर नाहीच. मुलगी घरी जन्मली. शाळेत घालताना गुरुजींनी जन्मतारीख १ जून लिहिली. आमच्या भागात एका पिढीचे वाढदिवस असे एकाच दिवशी येतात.

मी म्हटलं, "ताई, या व्हिसाला फी नाही."

आईला ते खरं वाटेना. मी कप्प्यातून निर्देश काढला. २९ एप्रिल २००४ चा, क्रमांक २००४/३८. युरोपीय संघाचा हा कायदा सांगतो की संघातल्या एका देशाचा नागरिक दुसऱ्या देशात जाऊन राहिला, कामाला लागला, तर त्याच्या घरच्यांना त्याच्यासोबत राहता येतं, मग ती माणसं जगातल्या कुठल्याही देशाची असोत. त्यांना लागणारा प्रवेशाचा व्हिसा विनाशुल्क द्यायचा आणि लवकरात लवकर द्यायचा, असं पाचव्या कलमात लिहिलंय. भाषेची परीक्षा, बँकेत अमुक लाख, असली अट बायकोवर नाही. नवरा तिथे खरोखर काम करत असला पाहिजे, किंवा स्वतःचा धंदा, किंवा पोटापुरता पैसा आणि आजारपणाचा विमा. ती खरोखर त्याची बायको असली पाहिजे. बस.

पोहोचल्यावर तिथे निवासाच्या कार्डासाठी अर्ज करायचा. कार्डासाठी काय मागायचं याची यादी दहाव्या कलमात आहे : पासपोर्ट, नात्याचा पुरावा, नवरा तिथे राहतो याचा पुरावा. जन्मदाखला त्या यादीत नाही. यादीबाहेरचा कागद दिसला की मी आधी विचारते, हा कुणाला हवाय?

मुलीचे कागद चांगले निघाले. गोव्यात लग्न सिव्हिल रजिस्ट्रेशनमध्ये लागतं. आधी इरादा जाहीर केल्याची सही, मग काही दिवसांनी लग्नाची. दाखला इंग्रजीत आहे, त्यावर अपोस्टिलही करून आणलंय. अपोस्टिलचा हेग करार भारताला २००५ मध्ये लागू झाला, तेव्हापासून प्रत्येक वकिलातीचा वेगळा शिक्का घेत फिरावं लागत नाही. अडचण निघाली ती एका अक्षराची. लग्नाच्या दाखल्यावर तिच्या आईचं माहेरचं आडनाव गामीत, पासपोर्टात आईच्या नावापुढे गावित. आई गुजरातची. तिचा शाळेचा दाखला गुजरातीत, आधार महाराष्ट्रात काढलेलं. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र करायचं, सोबत गुजराती दाखल्याचं भाषांतर जोडायचं. माझं आजचं मुख्य काम हेच.

टाइप करत होते तेवढ्यात आई खाली वाकून हळूच मावचीत बोलली. मुलीचा दाखला जाईल का? जमिनीवरचं नाव जाईल का? परक्या माणसाशी लग्न केलं, आता परक्या देशात जाणार.

हा प्रश्न एजंटाला कुणी विचारला नसता आणि त्याने उत्तरही दिलं नसतं. मी हात थांबवले. तिला सांगितलं, जमात जन्माने मिळते, लग्नाने जात नाही. आदिवासीच्या बाबतीत धर्मानेही जात नाही. आणि मुलगी भारतीयच राहणार आहे. नवऱ्याबरोबर राहायला नवऱ्याचा पासपोर्ट घ्यावा लागत नाही, हेच तर या कायद्यात आहे. तिचा निळा पासपोर्ट तिच्याकडेच राहील, त्यावर तिकडचं कार्ड मिळेल. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पहिल्यांदा पाणी मागितलं.

साडेअकरा

वीज गेली. इन्व्हर्टरवर एक संगणक चालतो, त्यामुळे रांग थांबली.

रांगेत एक सून बसली होती. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, माहेर फलाटाच्या पलीकडे. गुजरातीतच बोलते. बी.एड. झालीय. शिक्षक भरतीचा अर्ज अनुसूचित जमातीतून भरायचाय आणि जमातीचा दाखला गुजरात सरकारचा आहे. तिला मी जे सांगते ते सांगताना मला दरवेळी त्रास होतो. "बेन, या दाखल्यावर इथे राखीव जागा मिळणार नाही."

कारण असं की राष्ट्रपतींच्या आदेशातल्या जमातींच्या याद्या राज्यवार आहेत. दुसऱ्या राज्यातून आलेल्याला आपल्या राज्याचा दाखला इथे वापरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये एकदा आणि १९९४ मध्ये पुन्हा सांगितलं. त्यामागे विचार आहे. एका राज्यात मागास असलेला समाज दुसरीकडे तसाच असेल असं नाही, आणि बाहेरच्यांनी येऊन इथल्यांच्या जागा घेऊ नयेत. तो विचार मला कळतो. पण गुजरातची यादी उघडा. गामीत, गामटा, गावित, मावची, पाडवी अशी ओळ आहे. महाराष्ट्राची उघडा, तीच ओळ, तीच पाच नावं. या सुनेचं माहेरचं स्टेशन आणि सासरचं स्टेशन एकच. नाव मतदार यादीत चढलं, रेशनकार्डात चढलं. राखीव नोकरीचा हक्क तेवढा रेघेपलीकडे राहिला.

खुल्या जागेवर अर्ज भरता येईल, असं सांगून तिला तो भरून दिला. पैसे घ्यायला हात धजला नाही. तिने टेबलावर ठेवले, मी परत तिच्या पिशवीत घातले. राज्यांच्या सीमेवर लग्न करून जाणाऱ्या मुलींसाठी, जिथे दोन्ही याद्यांत तीच जमात आहे तिथे तरी, यातून वाट काढली पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. हे मी आमदारांच्या कार्यालयातही लिहून दिलंय.

एक

कचेरीसमोर नोटरीकडे प्रतिज्ञापत्र झालं. आईने अंगठा दिला नाही, सही केली. गुजराती शाळेत चौथीपर्यंत शिकलेली आहे, आणि सहीत गामीतच लिहिलं. नोटरी बघत राहिले. मी म्हटलं, लिहू द्या, कागदात तेच तर सांगितलंय.

घरून आणलेली नागलीची भाकर आणि उडदाची डाळ तिघींनी दुकानात मागे बसून खाल्ली.

अडीच

आयर्लंडात आत्ता सकाळचे दहा. नवरा रात्रपाळी करून नुकताच खोलीवर आलाय. व्हिडिओ कॉल लावला. मुलगा साधा आहे, प्रश्न नीट विचारतो. पहिला प्रश्न पैशांचा नव्हता, कामाचा होता. "ताई, ती आली की लगेच काम करू शकेल? की कार्ड येईपर्यंत घरी बसायचं?"

या प्रश्नासाठीच मी हा कप्पा जपते. तेविसावं कलम सांगतं की ज्याला राहण्याचा हक्क आहे त्या जोडीदाराला नोकरी किंवा धंदा करण्याचा हक्क आहे, त्याचं नागरिकत्व कुठलंही असो. हा हक्क कार्ड देत नाही. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. हक्क त्या लग्नाने आणि नवऱ्याच्या तिथल्या राहण्याने उभा राहतो. कार्ड फक्त तो आहे असं सांगतं. आम्ही जन्मभर उलटं शिकलोय. दाखला नाही म्हणजे जमात नाही, पावती नाही म्हणजे जमीन नाही, कार्ड नाही म्हणजे तांदूळ नाही. कागदाआधी माणसाचा हक्क असतो, असं एखादं कायद्याचं पुस्तक सरळ म्हणतं, हे मी पहिल्यांदा धोबी तलावला वाचलं तेव्हा दोनदा वाचलं होतं.

अर्थात कारखान्याचा मालक कलम वाचत नाही, त्याला कागद लागतो. म्हणून क्रम सांगितला. तिथे उतरल्यावर ईयू-१ हा अर्ज भरायचा. अर्ज पोहोचल्याची पावती लगेच मिळाली पाहिजे. आयर्लंड अर्ज चालू असताना तात्पुरता स्टॅम्प ४ देतं, त्यावर काम करता येतं. निर्णय सहा महिन्यांच्या आत व्हायला हवा. मग कार्ड पाच वर्षांचं, आयर्लंडात त्याला स्टॅम्प ४ ईयूफॅम म्हणतात. सलग पाच वर्षं झाली की कायमच्या निवासाचा हक्क, आणि मग नवऱ्याच्या नोकरीवर काही अवलंबून राहत नाही.

तोपर्यंत मात्र राहतं. म्हणून पगाराच्या पावत्या, भाड्याचा करार, कंपनीचं पत्र, सगळं जपून ठेवायला सांगितलं. नोकरी सुटली तर घाबरून घरी बसू नकोस, लगेच कामाच्या शोधात असल्याची नोंद कर. स्वतःच्या चुकीशिवाय काम गेलं आणि नोंद झाली तर कामगाराचा दर्जा टिकतो. वर्षाहून जास्त काम झालं असेल तर पुढेही, वर्षाच्या आत गेलं असेल तर किमान सहा महिने. तो लिहून घेत होता. कागद नव्हता म्हणून बिस्किटाच्या खोक्यावर लिहिलं.

मुलीला एक गोष्ट कडक आवाजात सांगावी लागली. काम करण्याचा हक्क वेगळा आणि नर्स म्हणून काम करण्याची परवानगी वेगळी. तिच्या जीएनएमची तपासणी तिथलं नर्सिंग अँड मिडवायफरी बोर्ड करील, इंग्रजीची परीक्षाही असेल. त्याला वेळ लागेल. तोवर वृद्धाश्रमात मदतनीसाचं काम घेता येईल. ती म्हणाली, "मावशी, मला कामाची लाज नाही." मला माहीत होतं. पण चार वर्षं आयसीयूत काढलेल्या मुलीला हे ऐकताना काय वाटतं, तेही मला दिसत होतं.

इंग्लंडचा विषय त्यानेच काढला. त्याचा चुलतभाऊ स्विंडनला आहे, तिथे गोवेकरांची मोठी वस्ती आहे. तो म्हणतो इकडेच या. ती वाट आता बंद झाली. ३१ डिसेंबर २०२० ला ब्रिटनमधला युरोपीय कायदा संपला. त्याआधी तो तिथे राहत असता आणि नातं जुळलेलं असतं तर अजून मार्ग होता. यांचं लग्न नंतरचं. आता तिथे त्यांना ब्रिटनचा स्वतःचा नियम लागेल, आणि एप्रिल २०२४ पासून त्यात जोडीदाराला आणायला वर्षाला २९,००० पौंड उत्पन्न दाखवावं लागतं. आयर्लंडात असली अट नाही. त्याला म्हटलं, आहेस तिथेच राहा.

चार

एक मुलगा आला. वय पंचविशीच्या आत, कपडे नीटनेटके. कुणीतरी त्याला सांगितलंय की युरोपच्या पासपोर्टवाली एखादी बाई पैसे घेऊन कागदापुरतं लग्न करते, मग तो तिकडे जाऊ शकतो. त्याला अर्ज हवा होता.

त्याला बसवलं, चहा दिला आणि नाही म्हटलं. पस्तिसाव्या कलमात लिहिलंय, खोटं लग्न निघालं तर सगळे हक्क काढून घेता येतात. पुढे आयुष्यभर कुठल्याही अर्जावर तो डाग राहतो. आणि त्याची झळ या मुलीसारख्यांना बसते, ज्यांना मग लग्नाचे फोटो, एकमेकांना केलेले फोन, सासूच्या साडीचा रंग, सगळं सिद्ध करत बसावं लागतं. तो गेला. कुणाकडे तरी जाईलच, ही काळजी मनात राहिली.

पाच ते सात

पत्र लिहिण्याचे दोन तास. फॉर्म कुणीही भरतो, पण सोबतचं पत्र बरोबर असलं की अर्ज सरळ चालतो. त्यात आधी नवरा कोण, कुठे आणि कधीपासून काम करतो. मग लग्न कधी, कुठे. मग कलमं. मग आडनावाचा खुलासा चार ओळींत. दोन राज्यांच्या सीमेवर एकच आडनाव दोन तऱ्हांनी लिहितात, हे डब्लिनच्या अधिकाऱ्याला कसं कळणार? त्याला नवापूरचं स्टेशन एका वाक्यात समजावून सांगितलं. माझ्या कामाच्या वर्षांत ते वाक्य मी बरेचदा लिहिलंय.

पत्रात मेटॉक खटल्याचाही उल्लेख केला. आयर्लंड पूर्वी म्हणायचं की परदेशी जोडीदार आधी दुसऱ्या एखाद्या युरोपीय देशात कायदेशीर राहिलेला हवा, थेट बाहेरून आलेला चालणार नाही. चार जोडप्यांनी दाद मागितली. २५ जुलै २००८ ला लक्झेंबर्गच्या न्यायालयाने ती अट रद्द केली : लग्न कधी आणि कुठे झालं, जोडीदार कुठून आला, यावर हक्क अवलंबून नाही. नवापूरच्या खेड्यातून एक मुलगी सरळ आयर्लंडला जाऊ शकते, ती त्या चार जोडप्यांमुळे.

मुलीने विचारलं, आपल्यातलं कुणी असं लढलंय का? म्हणून तिला सुरिंदर सिंग यांची गोष्ट सांगितली. हे भारतीय नागरिक. १९८२ मध्ये इंग्लंडात ब्रिटिश बाईशी लग्न झालं. १९८३ ते १९८५ दोघं जर्मनीत कामाला होते, मग धंदा सुरू करायला इंग्लंडला परतले. पुढे संसार मोडत गेला आणि ब्रिटिश सरकारने त्यांना देशाबाहेर काढायला घेतलं. ७ जुलै १९९२ ला न्यायालयाने सांगितलं की नागरिक दुसऱ्या देशात काम करून स्वतःच्या देशात परतला तरी त्याच्या जोडीदाराला तेच हक्क राहतात. नाही तर परत येण्याच्या भीतीने कुणी बाहेर जाणारच नाही. आजही युरोपभर जोडपी या वाटेला 'सुरिंदर सिंग मार्ग' म्हणतात. एका भारतीय माणसाचं नाव तिथल्या कायद्याचा रस्ता झालं.

यात एक विषमता आहे, तीही तिच्यापासून लपवली नाही. हा कायदा दुसऱ्या देशात गेलेल्या नागरिकासाठी आहे. जर्मन माणूस जर्मनीतच राहिला तर त्याच्या भारतीय बायकोला जर्मनीचा स्वतःचा कायदा लागतो, सर्वसाधारणपणे ए-१ पातळीची जर्मन भाषेची परीक्षाही द्यावी लागते. त्याच इमारतीत राहणाऱ्या पोर्तुगीज माणसाच्या बायकोला ती द्यावी लागत नाही. घरच्या माणसाला कमी आणि बाहेरून आलेल्याला जास्त, हे मला पटत नाही. दोघींना सारखं मिळायला हवं.

साडेआठ

जेवण उरकलं तेव्हा फोन आला. युरोपातल्या एका शहरातून, धोबी तलावच्या दिवसांतली ओळख. तिचे कागद मी टाइप केले होते. लग्नाला सहा वर्षं, तिथे राहून चार. नवरा मारतो. आता म्हणतोय मी गोव्याला परत जातो, मग तुझं कार्ड बघ कसं राहतं.

अशा वेळी माझा आवाज आधी सावरावा लागतो. तिला सांगितलं, तो म्हणतो तेवढं खरं नाही, पण तारखेला फार महत्त्व आहे. तेराव्या कलमाप्रमाणे घटस्फोटाची कारवाई सुरू होण्याआधी लग्नाला किमान तीन वर्षं आणि त्यातलं एक वर्ष त्या देशात झालं असेल तर घटस्फोटानंतरही राहण्याचा हक्क टिकतो. फक्त तिने नोकरी करावी किंवा स्वतःचा खर्च चालवावा. तुझं दोन्ही आहे. पण १६ जुलै २०१५ ला कुलदीप सिंग यांच्या खटल्यात न्यायालयाने एक कठोर गोष्ट सांगितली. तेही भारतीय, आयर्लंडात राहणारे, बायको लॅटव्हियाची. बायको आधी देश सोडून गेली आणि घटस्फोटाचा अर्ज नंतर झाला, तर हक्क त्या जाण्याबरोबरच संपतो. म्हणजे तो विमानात बसण्याआधी अर्ज न्यायालयात पडला पाहिजे.

मारहाणीच्या बाबतीत न्यायालय नंतर मवाळ झालं. २ सप्टेंबर २०२१ च्या निकालात बेल्जियमच्या प्रकरणात म्हटलंय की घरात हिंसा झालेली असेल तर नवरा गेल्यानंतरही वाजवी मुदतीत घटस्फोट मागितला तरी हक्क राहतो. पण त्यावर विसंबून थांबू नकोस. डॉक्टरचा कागद घे, पोलिसात नोंद कर, उद्या सकाळी तिथल्या वकिलाकडे जा. घरात धोका वाटला तर सकाळचीही वाट बघू नकोस, आत्ताच मैत्रिणीकडे नीघ, आणि पासपोर्ट तिच्याकडे ठेव.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "ताई, कार्ड त्याच्या नावावर आहे ना?"

"नाही. कार्ड तुझ्या नावावर आहे. आणि हक्क तर त्याच्याही आधीचा आहे."

सव्वादहा

फाईल बांधून ठेवली. मायलेकी उद्या सकाळी येऊन नेतील आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला जातील. अर्ज तिथे द्यायचाय. एजंटाला पाठवायचं पत्रही तयार आहे : पंधरा हजार परत करा, नाही तर तक्रार करू. पैसे येतील की नाही सांगता येत नाही, पण पत्र जाणार.

हे वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. लग्न झालं की नव्वद दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नमुना 'ड' भरून नोंदणी करून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सगळ्या धर्मांच्या लग्नांना नोंदणी सक्तीची करायला सांगितलंय, तरी आपल्या पाड्यांवर अजून होत नाही. नोंदणीच्या वेळी दोन्ही घरांची आडनावं शाळेच्या दाखल्यात आहेत तशीच लिहून घ्या, कारकुनाला घाई असली तरी. परदेशी जाणाऱ्या मुलीचे कागद तिच्याच हातात राहू द्या, सासरच्या कपाटात नको. आणि जावई किंवा सून युरोपीय पासपोर्टवर स्वतःच्या देशाबाहेर दुसऱ्या युरोपीय देशात कामाला असेल, तर जोडीदाराला तो व्हिसा फुकट मिळतो. त्याच्या फीसाठी शेळ्या विकू नका.